अज्ञात अडीच टक्के

आमच्या धाराशिव जिल्ह्यात दसऱ्याच्या सुमारास साखर कारखान्यांच्या भट्ट्या पेटतात. पेटतात असं म्हणायची मात्र सोय नाही. त्याला ‘बॉयलर अग्निप्रदीपन सोहळा’ म्हणायचं. त्याची पत्रिका निघते, मांडव पडतो, संचालकांपैकी एक जण सपत्नीक सत्यनारायणाला बसतो. पत्रिकेत कोणाचं नाव कोणाच्या वर यावरून आठवडाभर जी धग निर्माण होते, तिच्यावर एखादा छोटा बॉयलर आरामात चालावा. मग भट्टीच्या दारातून कापूर, तूप, नारळ आणि लाकडं आत जातात, पाहुणे धुराने डोळे पुसतात आणि निवेदक माईकवरून ‘भावुक झालेले मान्यवर’ असा उल्लेख करून घेतो.

पुढे हंगाम रंगात आला आणि चीफ इंजिनिअर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“शेजारच्यांचा बगॅस उरतो. ते कागद गिरणीला विकतात. आपल्याला मार्च आला की बाहेरून विकत आणायची पाळी. ऊस तोच, बॉयलर तसलाच. मग आपली उष्णता जाते कुठं? तुम्ही हीट बॅलन्स काढा.”

“साहेब, अग्निप्रदीपनाचं तूप जमेला धरायचं का?”

“तूप सोडा. बगॅस धरा.”

हीट बॅलन्स म्हणजे भट्टीचा ताळेबंद. किती उष्णता आत गेली ते एका बाजूला. त्यातली किती वाफेत उतरली आणि उरलेली कुठंकुठं वाया गेली ते दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजू सारख्या भरल्या की इंजिनिअर सुखाने झोपतो. माझ्या घरचा जमाखर्च लग्नापासून आजतागायत जुळलेला नाही, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी काम मलाच मिळालं असतं, कारण सेल चालू असलेला कॅल्क्युलेटर डिपार्टमेंटमध्ये माझ्याच एकट्याकडे होता.

पहिला प्रश्न सोपा वाटला. रोज किती बगॅस जळतो? बगॅस म्हणजे रस काढून उरलेलं चिपाड. उसाच्या वजनाच्या २८ ते ३० टक्के. मी वजनकाटा शोधायला निघालो. कारखान्यात उसाचं वजन होतं. ट्रक असो, ट्रॅक्टर असो, बैलगाडी असो, प्रत्येकीचं होतं आणि प्रत्येक वजनावर भांडणही होतं. रसाचं वजन होतं. मिलवर चिपाडावर जे पाणी शिंपडतात त्याचंही मोजमाप होतं. बगॅसला मात्र कोणी काट्यावर चढवत नाही. ऊस अधिक पाणी, वजा रस. खाली जे उरेल तो बगॅस. अवघ्या कारखान्याचं इंधन असं वजाबाकीतून जन्माला येतं. रसाच्या मीटरला जरा पडसं झालं की वीस टन बगॅस जागच्या जागी नाहीसा होतो आणि दुसऱ्या दिवशी मीटर बरा झाला की हजर होतो. यार्डातला ढीग यातल्या कशाचीच दखल घेत नाही.

वजन झालं. आता त्यातली उष्णता. त्यासाठी आमच्या धंद्यात रियुनियन बेटावरच्या एमिल ह्युगो नावाच्या साहेबांचा ग्रंथ प्रमाण मानतात. हिंदी महासागरातल्या त्या बेटावर बसून या गृहस्थाने उसाच्या कारखान्याबद्दल सगळं लिहून ठेवलं आहे. त्यांचं सूत्र असं: ४२५० मधून, बगॅसमधल्या साखरेच्या टक्क्यांना १२ ने गुणून ते वजा करा, पाण्याच्या टक्क्यांना ४८.५ ने गुणून तेही वजा करा. उरलं ते एका किलोमागे हाती येणाऱ्या उष्णतेचे किलोकॅलरी. पाणी ५० टक्के आणि साखर २ टक्के धरली तर साधारण १८०० येतात. म्हणजे पाण्याचा एक टक्का वाढला की प्रत्येक किलोमागे ४८.५ गेले. तेव्हा पाण्याचा आकडा नेमका हवा.

मी लॅबमध्ये गेलो. रजिस्टर उघडलं. बगॅसमधलं पाणी: सोमवारी ५०.०, मंगळवारी ५०.०, बुधवारी ५०.०. मध्ये अवकाळी पाऊस होऊन यार्डात गुडघाभर चिखल झाला होता. त्या दिवशीही ५०.०.

“रोज पन्नासच कसं येतं हो?” मी केमिस्टना विचारलं.

“ओव्हनमधून वाळवून काढल्यावर जे येईल ते लिहितो.”

“कुठाय ओव्हन?”

“दुरुस्तीला गेलाय.”

“कधी?”

“मागच्या हंगामात.”

मिल आणि बॉयलर यांच्यात जे वैर आहे ते भाऊबंदकीतही सापडणार नाही. बॉयलरवाले म्हणतात, मिल नीट पिळत नाही, बगॅस ओला येतो, ओला बगॅस जळत नाही. मिलवाले म्हणतात, आम्ही खडखडीत देतो, यांनाच जाळता येत नाही. मी दोन्हीकडे वही घेऊन फिरलो. उष्णता नेमकी कुठं वाया जाते हे प्रत्येकाला बिनचूक माहीत होतं: आपल्या डिपार्टमेंटच्या भिंतीपलीकडे. शेती विभागाने तर वाळलेला ऊस, तोडणीची टोळी, मुकादम आणि मांजरा-तेरणेचं खोरं इथपर्यंत दोष वाटून दिला. स्वतःकडे एक चिपाड ठेवून घेतलं नाही.

पण पन्नास टक्के पाणी हा आकडा लॅबच्या आळसाने आला असला तरी खरा त्याच्या आसपासच असतो, आणि तो नीट बघितल्यावर मला घाम फुटला. आमच्यासारखा रोज २५०० टन ऊस गाळणारा कारखाना घ्या. बगॅस ७०० टन. त्यात ३५० टन पाणी. साडेतीन लाख लिटर! बारा हजार लिटरचे जवळजवळ तीस टँकर पाणी आम्ही रोज भट्टीत घालतो, त्याला तापवतो, त्याची वाफ करतो आणि आभाळात सोडून देतो. आणि तेही त्या जिल्ह्यात, जिथं शिमगा झाला की गावोगावी लोक घागरी घेऊन टँकरची वाट बघतात.

हे मी चहाच्या टपरीवर बोललो. बोलायला नको होतं. संध्याकाळी शेजारच्या गावचे सरपंच दारात.

“साहेब, धुराड्यातनं तीस टँकर पाणी जायलंय म्हणं?”

“वाफ होऊन जातं.”

“पण पाणीच ना ते?”

“पाणीच. शिवाय चिपाडात हायड्रोजन असतो. तो जळला की त्याचंही पाणी होतं. ते आणखी दोनशे टन.”

सरपंच गप्प झाले. मग सावकाश म्हणाले, “म्हंजे तुमी इस्तव लावून पाणी तयार करायलाव, आन् वर सोडून द्यायलाव?”

शास्त्रीयदृष्ट्या यात काढण्यासारखी एकही चूक नव्हती. पुढच्या ग्रामसभेत ठराव झाला की कारखान्याने धुराड्याला तोटी बसवावी. ठरावाची प्रत माझ्या नावाने आली, सूचक-अनुमोदकांच्या सह्यांसकट.

दरम्यान धुराचं मोजमाप सुरू झालं होतं. ऑरसॅट नावाचं एक काचेचं उपकरण असतं. त्याच्या तीन नळ्यांत तीन द्रावणं: एकात कॉस्टिक पोटॅश, दुसऱ्यात पायरोगॅलॉल, तिसऱ्यात क्युप्रस क्लोराइड. धुराचा नमुना एकेका नळीत फिरवायचा; पहिली कार्बन डायऑक्साइड शोषते, दुसरी ऑक्सिजन, तिसरी कार्बन मोनॉक्साइड. बगॅस नीट जळत असेल तर पहिल्या नळीत १२ ते १४ टक्के भरायला हवेत. मला ३ आले. एवढा कमी कार्बन डायऑक्साइड लग्नाच्या मांडवातही नसतो. म्हणजे धुराड्यात धूर कमी आणि ताजी हवा जास्त होती. कुठून तरी फुकटची हवा आत घुसत होती.

मी डक्टच्या कडेने निघालो. एअर हीटरच्या मागे, जिथं साहेब लोक कपडे खराब होतील म्हणून जात नाहीत, तिथं डक्टचं तपासणीचं दार सताड उघडं होतं आणि दाराच्या आतल्या कठड्यावर डबे ओळीने मांडले होते. पितळी, स्टीलचे, एक जुन्या डालड्याचा. प्रत्येकावर खडूने नाव. एका डब्यावर भाकरी उघड्यावरच शेकत ठेवली होती. तिच्या कडा कडक झाल्या होत्या आणि मधोमध ठेच्याचा गोळा तेल सोडत होता. वर तारेवर रात्रपाळीवाल्यांचे बनियन वाळत होते. खाली उबेला एक कुत्री, तिची पिल्लं आणि आमच्या टाइमकीपरची छत्री.

“हे दार बंद करा,” मी म्हणालो.

“जेवणं झाल्यावर करतो,” हेल्पर म्हणाला. पाळ्या तीन. चार-बाराची जेवणं आठला, बारा-आठची पहाटे, आठ-चारची दुपारी. दार बंद करायला हंगाम संपायची वाट बघावी लागणार हे उघड होतं. मग, आता आलोच आहोत तर बसा, असा आग्रह झाला. भाकरी अप्रतिम होती.

डॅम्परची कथा आणखी वेगळी. चार-बाराच्या पाळीला जे मामा असतात ते प्रथम श्रेणीचे बॉयलर अटेंडंट. झरोक्याला डोळा लावून ते सांगतात, “जाळ केशरी पायजे. पांढरा झाला की समजायचं हवा जास्त झाली.” आणि डॅम्पर आवळतात. बाराला दुसरे मामा येतात. तेही प्रथम श्रेणीचे, त्याच झरोक्याला डोळा लावतात आणि म्हणतात, “जाळ पांढराच पायजे. केशरी म्हंजे आग गुदमरायलीय.” आणि डॅम्पर सोडतात. दोघांचीही नोकरी तीस वर्षांच्या वर, दोघांचाही अधिकार मोठा आणि दोघांनाही एकमेकांचं नाव काढलं की ठसका लागतो. प्रत्येक पाळीचा पहिला अर्धा तास आधीच्या पाळीने केलेला अधर्म निस्तरण्यात जातो. मी दोघांना एकत्र बसवून हवेचं प्रमाण समजावण्याचा बेत केला. दोघंही आले, दोघांनीही ऐकून घेतलं आणि बाहेर पडताना आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं. ती गोष्ट म्हणजे मी. “पोरगं चांगलं हाय, पर त्याला जाळ कळत न्हाई.”

तेरचे गोरोबाकाका आमच्याच जिल्ह्यातले. जमलेल्या संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून त्यांनी कोण भाजलेलं मडकं आणि कोण कच्चं, ते सांगितलं. साक्षात नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. आगीचा हिशेब तपासायची इतकी स्वस्त पद्धत जवळ असताना काचेच्या नळ्या फुंकत कशाला बसायचं? मी चीफ साहेबांना सहज म्हणालो.

“चालेल,” साहेब म्हणाले. “मिलवाल्यांपासून सुरुवात करा.”

शेवटी सगळे आकडे गोळा झाले. वाफेच्या मीटरवर मी डोळे मिटून विश्वास टाकला. (सफाईसाठी बॉयलर थंड केला होता त्या दिवशीही तो मीटर ताशी चार टन वाफ दाखवत होता, पण ते मला नंतर कळलं.) वाफेतली उष्णता भागिले बगॅसमधली उष्णता, गुणिले शंभर. बॉयलरची कार्यक्षमता १०४ टक्के आली.

साहेबांनी कागद बघितला. “चार कमी करा.”

“साहेब, शंभरही चालत नाही.”

“मग किती चालतं?”

“बगॅसच्या बॉयलरला अडुसष्टच्या आसपास.”

“मग तेवढे करा की! उत्तर आधीच माहीत होतं तर इतके दिवस धुराड्याखाली काय करत होता?”

अडुसष्ट केले. म्हणजे मीटर दुरुस्त करून घेतला, पुन्हा मोजलं, आणि खरोखरच अडुसष्ट आले. पण हे साहेबांना आजही खोटं वाटतं. त्यांच्या मते मी सांगितल्यावर लगेच ऐकणारा, कामाचा माणूस आहे.

आता चेअरमन साहेब रागावले. शेजारच्या कारखान्याने आपल्या अहवालात बॉयलरची कार्यक्षमता ८६ टक्के छापली होती. “त्यांचे शहाऐंशी आणि आपले अडुसष्ट? अठरा टक्के आपण खातो का काय?”

यातली गंमत अशी, की दोन्ही आकडे एकाच बॉयलरचे असू शकतात. बगॅसच्या उष्णतेची दोन मापं आहेत. ढोबळ माप किलोमागे २२७६. त्यात धुराबरोबर वाफ होऊन जाणाऱ्या पाण्याची उष्णताही धरलेली असते. निव्वळ माप १८०० च्या आसपास. त्यात ती आधीच सोडून दिलेली असते. छेदात मोठा आकडा घातला की अडुसष्ट, लहान घातला की शहाऐंशी. भट्टीत एक काडी इकडची तिकडे होत नाही. बॉयलर विकणारे निव्वळ मापाने बोलतात, बॉयलर विकत घेणारे ढोबळ मापाने भांडतात.

मी हे चेअरमन साहेबांना अर्धा तास समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, “ह्यातलं मोठं कुठलं?”

“शहाऐंशी.”

“मग ते आपलं.”

पण तोवर तक्ता छापखान्यात गेला होता, आणि त्यात ढोबळ मापाचा खर्च असा मांडला होता: वाफेत उतरली ६८ टक्के. पाण्याची वाफ करण्यात गेली २२. कोरड्या धुराबरोबर गेली ६. राखेत न जळता राहिली दीड. बेरीज साडेसत्त्याण्णव. राहिले अडीच. पुस्तकांत अशा उरलेल्या रकमेसाठी अधिकृत सोय केलेली असते: बॉयलरच्या अंगातून बाहेर पडणारी धग आणि ‘इतर अज्ञात’. जगभरातले इंजिनिअर हा रकाना भरतात आणि त्यांच्याकडे कोणी वाकड्या नजरेने बघत नाही.

अज्ञात हे मी रिवाज म्हणून लिहिलं. तसे ते सगळे मला ज्ञात होते. डबे होते. बनियन होते. शिवाय बॉयलरच्या मागून निघणारी, कुठल्याही नकाशात नसलेली, वर साधी गोणपाटाची पट्टीही नसलेली एक वाफेची नळी होती. तिचा माग काढत मी पेरूच्या बागेतून गेलो तेव्हा ती अधिकाऱ्यांच्या बंगल्यांच्या न्हाणीघरांत शिरताना दिसली. पहिलं न्हाणीघर चीफ साहेबांचं होतं. मी तिथूनच मागे फिरलो आणि वहीत ‘अज्ञात’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

सप्टेंबरमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. उसाचा भाव, काट्याची तक्रार, सभासदांची सवलतीची साखर हे विषय ठरल्याप्रमाणे गाजले. आभाराचं भाषण सुरू होणार एवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारे सभासद अहवाल उंच धरून उभे राहिले.

“चेअरमन साहेब, तक्त्यात लिवलंय, अडीच टक्के अज्ञात. हा अज्ञात कोण?”

सभा एकदम जागी झाली.

“ते तांत्रिक आहे,” चेअरमन साहेब म्हणाले.

“तांत्रिक असू द्या न्हाईतर मांत्रिक. खाल्लंय ना अडीच टक्के? आमची बिलं थकलेली आन् हा बसून खायलाय. नाव जाहीर करा!”

“नाव! नाव!” मागून गलका उठला. “कुठल्या गावचा हाय?” “संचालकात हाय का?” “गेल्या बोर्डातला असल!” या शेवटच्या सूचनेने व्यासपीठावर जरा हायसं वाटलं, चेअरमन साहेबांनी मान डोलावून ती तशीच हवेत राहू दिली. चीफ साहेब एकाएकी अहवालातल्या रोपवाटिकेच्या पानात रमून गेले. मला माईक देण्यात आला. मी धग, पृष्ठभाग, तापमानातला फरक असं बोलायला लागलो. म्हातारे म्हणाले, “पोरा, तुला माहीत हाय. तुझ्या तोंडावर दिसायलंय.” मी माईक परत केला.

टाळ्यांच्या गजरात चौकशी समिती नेमली गेली. पाच संचालक आणि सदस्य-सचिव मी. पहिल्या बैठकीला सगळे हजर होते, चहाबरोबर कांदाभजीही होती. मूळ सूत्र कोणाचं, इथपासून तपास सुरू झाला. मी ह्युगोसाहेबांचं नाव सांगितलं, रियुनियन बेट कुठं आहे ते नकाशावर दाखवलं. समितीत विलक्षण उत्साह संचारला. ज्या बेटावर सूत्र तयार झालं तिथं जाऊन प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय निष्कर्ष काढणं घाईचं होईल, असं सर्वानुमते ठरलं. बॉयलरच्या बाजूचे किती आणि मिलच्या बाजूचे किती जाणार यावर वाद होऊन बैठक तहकूब झाली. दुसऱ्या बैठकीत बेट फ्रान्सच्या ताब्यात असल्याचं कळल्यावर दौऱ्यात पॅरिसही घातलं गेलं. आता प्रवासाचं अंदाजपत्रक करायला माझ्याकडे दिलं आहे. तिकडं हुरडा मिळतो का, हा एका सन्माननीय सदस्यांचा लेखी प्रश्न त्याला जोडलेला आहे.